‘म्हातारा झालाय’ की दुखतंय? कुत्र्या-मांजराच्या शेवटच्या दिवसांबद्दल

आजचा विषय जरा जड आहे. पण घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर कधी ना कधी तो तुमच्यासमोर येणारच. म्हणून आजच बोलून टाकू.

“म्हातारा झालाय, म्हणून पडून असतो.” हे वाक्य आपण किती सहज बोलतो! वयामुळे चाल मंदावते हे खरंय. पण उठताना अडखळणं, जिना टाळणं, रात्रभर घरात येरझाऱ्या घालणं, एकच सांधा सारखा चाटत बसणं, गरम होत नसतानाही धापा टाकणं, यामागे बरेचदा दुखणं असतं. आणि दुखण्यावर औषध असतं. कुत्रा केकाटला तरच त्याला दुखतंय, असं धरून बसलात तर फार उशीर होतो.

मांजर तर लपवण्यात त्याहून पक्कं. ओट्यावर उडी मारणं सोडलं का? अंग चाटून साफ करणं कमी झालं, पाठीवर केसांच्या गाठी झाल्या का? लिटर बॉक्सच्या बाहेर शू करतंय का? हे बघा. घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे, असंही समजू नका. दुखत असताना सुद्धा मांजरं घुरघुरतात.

कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पद्धत मांडली. पाच गोष्टी बघायच्या: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक केलेत का, तोंडाभोवतीचा भाग ताणलाय का, मिशा ताठ पुढे आल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. प्रत्येकाला ० ते २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त झाले, तर वेदनाशामकाची गरज असू शकते. मात्र ही पद्धत अचानक उठलेल्या दुखण्यासाठी आहे. जुन्या सांधेदुखीत रोजच्या सवयींतला बदल जास्त सांगून जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली आपली गोळी देऊ नका! पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही विषारी आहे. “छोटा तुकडाच दिला” हेही नको. वेदनाशामक व्हेटनेच द्यायचं, वजन बघून.

मग आपण घरी काय करायचं? बरंच काही. गुळगुळीत फरशीवर चटई किंवा जुनी योगा मॅट टाका, पाय घसरत नाहीत. अंथरूण जाड ठेवा. उठताच येत नसेल, तर दर काही तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर जखमा होतात. शू-शी लागलेलं अंग लगेच पुसून कोरडं करा. पावसाळ्यात अशा जागी माश्या बसतात आणि अळ्या पडतात. लिटर बॉक्सची कड बुटकी हवी. जेवण थोडं कोमट केलं की वास येतो आणि खायची इच्छा होते, पण त्यात कांदा-लसूण अजिबात नको. मांजर दिवसभर काहीच खात नसेल, तर वाट न बघता फोन करा. झोपेत श्वास मोजा. मिनिटाला सतत ३० च्या वर जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

“थांबायचं कधी?” हा प्रश्न सगळ्यांत अवघड. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी सात गोष्टींची मोजपट्टी केली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण, १० म्हणजे उत्तम. बेरीज ३५ च्या वर असेल, तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. आकडा निर्णय घेत नाही, पण घरात आई एक म्हणते, दादा दुसरं म्हणतो, तेव्हा बोलायला आधार मिळतो.

दयामरणाचा निर्णय झालाच, तर काय होतं ते माहीत असू द्या. बहुतेक वेळा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध काही सेकंदांत जाते, हृदय थोड्याच मिनिटांत थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, नंतर अंग हलकंसं झटकू शकतं. ते दुखण्यामुळे नसतं. तुम्हाला जवळ थांबायचं असेल तर आधीच सांगा.

आज एकच काम करा. तुमचं जनावर चालताना, बसताना, उठताना एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. महिन्याभराने पुन्हा काढा. क्लिनिकमध्ये घाबरून ते लंगडणंही लपवतं, पण हे दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की व्हेटला फरक दिसतो. आणि कॅलेंडरवर रोज एक खूण: आजचा दिवस चांगला की वाईट?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, त्यांचीही आणि स्वतःचीही.