दारू सुटली, धडधड का सुटत नाही?

दारू सोडून दोन-तीन आठवडे झालेल्या माणसाची एक तक्रार व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीची आहे. "पीत होतो तेव्हाच बरा होतो. आता छातीत धडधडतं, झोप लागत नाही, फोन वाजला तरी दचकतो." घरच्यांना वाटतं, हा पुन्हा प्यायला निमित्त शोधतोय. त्याला वाटतं, आपलं डोकं फिरत चाललंय. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. ही चिंता बरं होण्याच्या वाटेवरच भेटते. ती कुठून येते हे कळलं, तर तिला पुरून उरणं सोपं जातं.

सुरुवात मेंदूपासून करू. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, तर ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून पहिल्या पेगनंतर खांदे सैल पडतात. पण रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट्या बाजूने जोर लावू लागतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला, की दुसरी बाजू स्वतःच्याच जोराने कोलमडते. दारू थांबली की तेच होतं. मेंदूचा चेतवणारा जोर कायम असतो आणि त्याला अडवणारं कुणी उरलेलं नसतं. हात थरथरतात, घाम फुटतो, उगाचच काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं.

सकाळी उठल्या उठल्या लागणाऱ्या घोटाचं कोडंही इथेच सुटतं. सकाळची थरथर रात्रीची दारू उतरल्यामुळे आलेली असते. घोट घेतला की ती थांबते आणि माणसाची खात्री पटते की आपलं औषध दारूच आहे. जी चिंता तो दारूने शमवतो, तिच्यातली बरीचशी दारूनेच तयार केलेली असते.

पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 24 तासांत त्रास सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, आपण कुठे आहोत याचं भान सुटतं, ताप चढतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर हे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने देवासमोर शपथ घेऊन घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये, आधी डॉक्टर गाठावा. डॉक्टर काही दिवसांपुरत्या शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि त्या पायरीपायरीने बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात.

शरीर सावरलं की लोक म्हणतात, आता बरा झाला. मनाचा खडतर टप्पा मात्र तेव्हाच सुरू होतो. झोप तुटक येते. आपण प्यायलो असं स्वप्न पडतं आणि माणूस घाबराघुबरा होऊन उठतो. अशी स्वप्नं अनेकांना पडतात, त्यांचा अर्थ निश्चय ढळला असा होत नाही. न पिता साधारण महिनाभरात या चिंतेचा जोर बराच कमी होतो. काहींना पुढचे काही महिने ती अधूनमधून डोकावत राहते.

ती डोकावते तेव्हा काय करायचं? आधी तिला नाव द्यावं: "ही चिंता आहे. त्रासदायक आहे, पण ओसरणारी आहे." मग श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत घ्यायचा, सहा आकडे मोजत सावकाश सोडायचा, असं पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. व्यसनमुक्तीत श्वास आणि योग नवे नाहीत: मुंबईत 1981 साली कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू करणारे फादर जो परेरा हे योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारातच योग आणला. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र चिंताच असेल असं गृहीत न धरता तपासून घ्यावं.

चिंतेपाठोपाठ तलफ येते. तलफ न भागवली तर वाढतच जाईल, ही तिच्याबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला जाते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरू लागते. तेवढा वेळ जागा बदलावी, पोटात काही ढकलावं, कुणाला तरी फोन करावा. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गटांत 'फक्त आजचा दिवस' म्हणतात. तलफेच्या वेळी तो दिवस अर्ध्या तासाइतका लहान करता येतो.

याच गटांत चार गोष्टी तपासायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. उपाशी पोटी होणारी थरथर हुबेहूब चिंतेसारखी वाटते. दारूच्या जागी दिवसाला आठ-दहा कप चहा आला असेल, तर धडधडीचा एक वाटेकरी तोच. दुपारनंतरचा चहा बंद करावा, जेवणाच्या वेळा पाळाव्यात, रोज घाम येईल इतकं चालावं. गटारीला किंवा लग्नाच्या आदल्या रात्री "बसायचं का?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं.

काही चिंता मात्र खऱ्याच असतात. थकलेले हप्ते, हातची गेलेली नोकरी, न बोलणारी मुलगी. इतकी वर्षं झाकलेलं हे सगळं शुद्धीवर आल्यावर एकदम दिसतं. ते कागदावर उतरवावं, आज करता येईल असं एकच काम निवडावं, बाकीचं उद्यावर टाकावं. घरच्यांची धास्तीही खरीच असते. उशीर झाला की तोंडाचा वास घेतला जातो, खिसे चाचपले जातात. विश्वास परतायला वेळ लागतो. "उशीर होईल" हा एक फोन दोन्हीकडची चिंता कमी करतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठीही वेगळा गट असतो, तो याचसाठी.

महिना उलटूनही चिंता तशीच असेल किंवा दारूच्या आधीपासूनच असेल, तर तो स्वतंत्र आजार असू शकतो. त्यावर समुपदेशन आहे, औषधंही आहेत. चिंतेवरच्या अनेक गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत त्या सोडू नयेत. झोपेच्या किंवा झटपट शांत करणाऱ्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेणं मात्र टाळावं, कारण त्यांचीही सवय लागते. डॉक्टरांना दारूचा इतिहास न लपवता सांगावा.

जगणं नकोसं वाटलं, तर त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी सांगावं आणि रुग्णालय गाठावं. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो. आणि एखाद्या दिवशी पाय घसरलाच, तर लाजेने चार दिवस तोंड लपवू नये. त्या चार दिवसांतच पिणं पुन्हा अंगवळणी पडतं. त्याच संध्याकाळी गटातल्या माणसाला किंवा समुपदेशकाला कळवावं, आणि पिण्याआधीच्या तासाभरात मनात काय चाललं होतं तेही सांगावं. पुढच्या वेळची तयारी त्या माहितीवरच होते.