बटाट्याच्या माहेरी

आषाढी एकादशीच्या सकाळी चंदीगडलगतच्या मोहालीत, सेक्टर ६७ मध्ये, एखाद्या मराठी गृहिणीने भाजीवाल्याकडे बटाटे मागावेत आणि त्याने 'आलू' म्हणून ते तोलून द्यावेत, यात नवल काहीच नाही. परंतु या कंदाच्या जन्मभूमीत त्याला जे नाव आहे, ते त्या दोघांच्याही कानांवर सहसा पडलेले नसते. ते नाव आहे 'पापा', आणि ते दक्षिण अमेरिकेतील इंका राजांच्या केचुआ भाषेतले आहे.

त्या गृहिणीच्या पातेल्यातील खिचडी जरा निरखून पाहावी. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाच्या पिठापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, हे चारही पदार्थ अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत. सोळाव्या शतकापासून युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग ते इकडे आले. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचीच देणगी. खिचडीतील तूप तेवढे घरचे! तेव्हा पेरू देशाचा प्रवास मराठी माणसासाठी केवळ परदेशगमन नव्हे. आपल्या ताटातील अन्नाचे माहेर पाहून येणेच ते.

हा देश एक असला तरी त्याची रूपे तीन. पश्चिमेस पॅसिफिकच्या काठाने वाळवंट, मध्ये अँडीजची हिमशिखरे आणि पूर्वेस ॲमेझॉनचे घनदाट अरण्य. वाळवंटी किनाऱ्यावर सिपान येथे १९८७ साली इंकांहूनही कितीतरी प्राचीन अशा मोचे लोकांच्या एका अधिपतीची समाधी सापडली. तिच्यात सोन्याच्या आणि चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता. आपण ज्याचे कूट करतो, तो दाणा तेथे राजाच्या गळ्यातील अलंकार झाला होता.

पर्वतात सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को ही इंकांची राजधानी. चुन्याशिवाय दगडाला दगड बसवून रचलेल्या तेथील भिंती पाहताना आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण व्हावी. १९५० च्या भूकंपात तेथील सांतो दोमिंगोच्या चर्चची मोठी हानी झाली. त्याच्या पायाशी असलेल्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. तेथून पुढे माचू पिचू. पंधराव्या शतकातील हे नगर कुस्कोहून जवळजवळ हजार मीटर खाली आहे. विरळ हवेमुळे कुस्कोत पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ निवडावा, हे प्रवाशाच्या हिताचे.

तथापि इंकांचा खरा वारसा केवळ दगडांत नाही. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधून त्यांनी थंडी, ऊन आणि पाणी यांचा मेळ घातला. रात्रीच्या हिमात बटाटे गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे आणि उन्हात सुकवायचे. अशा रीतीने तयार होणारा 'चुन्यो' वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या उन्हाळी वाळवणाचाच हा हिवाळी भाऊबंद होय! आजही अँडीजमध्ये जांभळे, तांबडे, पिवळे, वाकडेतिकडे असे बटाट्याचे हजारो वाण पिकतात. एकाच शेतात अनेक वाण लावावेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा तगतो, हे तेथील शेतकऱ्याचे पिढीजात शहाणपण.

या शहाणपणाला मुकल्याची किंमत आयर्लंडने मोजली आहे. मोजक्याच वाणांवर विसंबलेल्या त्या देशात १८४५ पासून करपा रोगाने पीक नासले आणि सुमारे दहा लाख माणसे दुष्काळात दगावली. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावरचा शेतकरी पंजाबातून बटाट्याचे बेणे आणतो. त्याच्याही हाती येणारे वाण मोजकेच असतात. उद्या नवा रोग आला किंवा हवा तापली, तर त्याला तोंड देणारे गुण शोधण्यासाठी संशोधकांना अँडीजच्या ठेव्याकडेच वळावे लागेल. लिमा येथे १९७१ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र हा ठेवा जतन करते. कुस्कोजवळ पिसाकच्या डोंगरांत केचुआ गावांनी मिळून 'बटाटा उद्यान' उभारले आहे. हरवलेले वाण त्यांनी या केंद्राकडून परत मिळवले आणि शेतांत पुन्हा लावले. मात्र हवामान उष्ण होत असल्याने त्यांना लागवड वर वर सरकवावी लागत आहे, आणि पर्वताला शिखर असते. त्याच्यावर शेत नेता येत नाही.

म्हणून पेरूस जाणाऱ्याने माचू पिचूचे भग्नावशेष अवश्य पाहावेत. परंतु एक दिवस पिसाकच्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवावा. त्यांच्या हातचा उकडलेला जांभळा बटाटा खावा, त्याचे नाव विचारावे आणि त्याचे योग्य मोल द्यावे. मोहालीतील एकादशीची खिचडी ज्यांच्या पूर्वजांच्या कष्टांवर शिजते, त्यांची एवढी विचारपूस करणे हे या प्रवासाचे पुरेसे कारण आहे.