टाका कोणासाठी घालायचा?

लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आई किंवा मावशी दवाखान्यात येते. आजार काहीच नसतो. ‘डॉक्टरबाई, पहिल्या रात्री रक्त दिसलं पाहिजे, एखादा टाका घाला,’ एवढीच दबक्या आवाजातली विनंती असते. योनिपटलाची ही शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर आम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांत एकमत नाही.

प्रथम शरीराची माहिती घेऊ. योनिपटल म्हणजे योनिमार्गाच्या तोंडाशी असलेली पातळ, ताणली जाणारी घडी. पाळीचे रक्त बाहेर येण्यासाठी तिला मुळातच वाट असते. पहिल्या संबंधाच्या वेळी अनेकींना रक्तस्राव होतच नाही. कौमार्यचाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले. त्याच वर्षी कंजारभाट समाजातील तरुणांनी जातपंचायतीच्या अशा चाचणीविरुद्ध पुण्यात आवाज उठवला.

शस्त्रक्रियेच्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, मुलगी सज्ञान आहे, तिची संमती आहे. नकार दिला तर लग्न मोडेल, मार खावा लागेल किंवा ती एखाद्या भोंदूकडे जाईल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विरोधातले डॉक्टर विचारतात, भीतीपोटी दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे का? शिवाय टाके घालूनही रक्त येईलच याची खात्री नाही. जंतुसंसर्ग आणि वेदनांचा धोका मात्र आहे. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने बंदीची मागणी केली आणि २०२२ सालच्या कायद्याने तेथे ही शस्त्रक्रिया गुन्हा ठरली.

मीही ती करीत नाही; पण नुसता नकार देऊन मुलीला परत पाठवीत नाही. तिच्याशी एकटीशी बोलते. मारहाणीची भीती असेल तर महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक देते. तिची इच्छा असेल तर नवऱ्या मुलालाही बोलावून वरील माहिती समजावते.

बाळंतपणानंतर अंग बाहेर येणे, खोकताना लघवी सुटणे ही दुखणी मात्र खरी आहेत. त्यांवर उपचार घ्यायला लाजू नये. ‘लेसरने सैलपणा घालवतो’ अशा जाहिरातींना भुलू नये. अशा उपचारांनी भाजणे, व्रण पडणे, संबंधाच्या वेळी दुखणे असे त्रास होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता.

ज्या घरी सुनेची पारख चादरीवरच्या डागावरून होते, तेथे मुलगी देण्याआधी आईबापांनी दोनदा विचार करावा.