टेस्टोस्टेरॉन: पुरुषात, स्त्रीत आणि बैलातही

टेस्टोस्टेरॉन हे शरीरात कोलेस्टेरॉलपासून तयार होणारे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन आहे. पुरुषात ते मुख्यतः वृषणांत बनते. स्त्रीत बीजांडकोशांत आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत. प्रौढ पुरुषाच्या 100 मिलिलिटर रक्तात ते साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम असते, स्त्रीच्या तेवढ्याच रक्तात 15 ते 70 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा पदार्थाचा परिणाम मात्र हाडे, स्नायू, रक्त, केस, आवाज, कामेच्छा आणि प्रजनन या सगळ्यांवर होतो.

शेतकऱ्याला या संप्रेरकाचे नाव ठाऊक नसले, तरी त्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि ती बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. एकाच जातीचा आणि वयाचा वळू व खच्ची केलेला बैल शेजारी उभे केले, तर फरक लगेच दिसतो. वळूची मान जाड, वशिंड भरदार, छाती रुंद. बैल त्यामानाने सडपातळ, स्वभावाने शांत आणि जोखडाला लवकर सरावणारा. गोऱ्हा फार कोवळ्या वयात खच्ची केला तर तो उंच, लांब पायांचा होतो. वयात येताना टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारे इस्ट्रोजेन हाडांच्या टोकांशी चालणारी वाढ थांबवतात. ते नसले की हाडे अधिक काळ लांबत राहतात. म्हणूनच नांगराला आणि गाडीला बैल हवा असेल, तर आधी गोऱ्ह्याचे अंग भरू देण्याची आणि मगच तो खच्ची करण्याची रीत पडली.

जे बैलात दिसत होते त्याचे कारण विज्ञानाला कोंबड्याने दाखवले. जर्मनीतल्या गटिंगन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी 1849 मध्ये सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला, आरवणे आणि झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोवले, ते मात्र नेहमीच्या कोंबड्यांसारखे वाढले. रोवलेल्या वृषणाला जुन्या नसा जोडलेल्या नव्हत्या, तरीही परिणाम झाला. त्या अर्थी वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत होते. तो पदार्थ हाती यायला आणखी 86 वर्षे लागली. 1935 मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकेर यांच्या गटाने बैलाच्या सुमारे 100 किलो वृषणांतून जेमतेम 10 मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी अडॉल्फ बुटेनांड्ट आणि लिओपोल्ड रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉलपासून तयार करून दाखवले. या दोघांना 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेस्टोस्टेरॉन किती बनवायचे हे मेंदू ठरवतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, पियुषिका एलएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते वृषणांतल्या लायडिग पेशींना कामाला लावते. रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू हा इशारा कमी करतो. तयार झालेल्या टेस्टोस्टेरॉनपैकी बहुतेक भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतो. अगदी मोकळा असा सुमारे 2 टक्केच असतो. काही ऊतींत त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक तीव्र रूपात रूपांतर होते. दाढीमिशा, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ आणि पुढे डोक्याला पडणारे टक्कल ही या रूपाची कामे. चरबीत आणि हाडांत काही टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होते. पुरुषाची हाडे मजबूत राहायलाही हे थोडे इस्ट्रोजेन लागतेच.

पुरुषाच्या आयुष्यात टेस्टोस्टेरॉनचे पहिले काम जन्मापूर्वीच होते. वाय गुणसूत्र असलेल्या गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास वृषणे ते बनवू लागतात आणि त्यामुळे बाह्य जननेंद्रिये मुलाची घडतात. जन्मानंतर काही महिने त्याची आणखी एक लाट येते, मग ते बालपणभर जवळजवळ शांत असते. वयात येताना ते झपाट्याने वाढते. मिसरूड फुटते, स्वरयंत्र मोठे होऊन आवाज फुटतो, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, शुक्रजंतू बनू लागतात. अस्थिमज्जेला ते तांबड्या पेशी अधिक बनवायला लावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ॲनिमियाची मर्यादा पुरुषाला 100 मिलिलिटर रक्तात 13 ग्रॅम हिमोग्लोबिन आणि गरोदर नसलेल्या स्त्रीला 12 ग्रॅम अशी वेगळी आहे, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. तिशी-चाळिशीनंतर पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरते. बाईची पाळी थांबते तसे पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन एखाद्या वयाला थांबत नाही.

टेस्टोस्टेरॉन हे केवळ पुरुषाचे आणि इस्ट्रोजेन केवळ स्त्रीचे, ही वाटणी रक्ततपासणीत टिकत नाही. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या रक्तात महिन्यातले बहुतेक दिवस इस्ट्राडायॉल या मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा टेस्टोस्टेरॉनच वजनाने जास्त असते. शिवाय स्त्रीचे इस्ट्रोजेन बनतेच मुळी टेस्टोस्टेरॉनच्या कुळातल्या संप्रेरकांपासून. बीजांडकोशातल्या एका थरातल्या पेशी ती बनवतात आणि शेजारच्या थरातल्या पेशी त्यांचे इस्ट्रोजेन करतात. स्त्रीच्या शरीरातले साधारण पाव टेस्टोस्टेरॉन बीजांडकोशांतून आणि पाव अधिवृक्क ग्रंथींतून येते. उरलेले निम्मे चरबी, त्वचा अशा ठिकाणी इतर संप्रेरकांपासून बनते. कामेच्छा, हाडांची घनता, स्नायूंची ताकद आणि बीजाची वाढ यांत त्याचा वाटा असतो. विशीपासून चाळिशीपर्यंत स्त्रीत ते हळूहळू जवळपास निम्मे होते; पाळी गेल्यावर मात्र इस्ट्रोजेनसारखे एकदम कोसळत नाही.

संप्रेरक रक्तात असणे पुरेसे नसते, पेशींनी ते ओळखावेही लागते. काही व्यक्तींत गुणसूत्रे एक्स-वाय असतात, वृषणे पोटात असतात, टेस्टोस्टेरॉनही पुरुषाइतके असते. पण ते ओळखणारा पेशींतला ग्राही बिघडलेला असतो. त्यांचे बाह्य शरीर पूर्णपणे स्त्रीचे घडते आणि अनेकदा पाळी आली नाही म्हणून दवाखान्यात गेल्यावरच ही गोष्ट कळते. शरीराचे रूप संप्रेरकाचे प्रमाण, त्याची वेळ आणि पेशींची दाद या तिन्हींवर अवलंबून असते, हे अशा व्यक्तींत स्पष्ट दिसते.

स्त्रीत टेस्टोस्टेरॉन वाढण्याचे सगळ्यांत नेहमीचे कारण म्हणजे पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा विकार. अमेरिकी डॉक्टर स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी 1935 मध्येच त्याचे वर्णन केले होते. पाळी लांबते किंवा चुकते, हनुवटीवर आणि ओठावर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात, दिवस राहायला अडचण येते. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, रक्तात इन्शुलिन वाढते आणि ते बीजांडकोशांना जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी शहरातल्या 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी करून 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के मुलींत पीसीओएस आढळले, अधिक कडक निकष लावल्यावर 10.7 टक्के. ते शहरापुरते मर्यादित नाही, आणि केवळ जाड मुलींनाच होते असेही नाही. गावात मुलीच्या ओठावरची मिशी लपवण्याचा विषय होतो आणि चुकणारी पाळी लग्नानंतर आपोआप सुधारेल असे सांगितले जाते. प्रत्यक्षात पुढे मधुमेहाचा धोका वाढवणारा हा विकार वेळीच ओळखता येतो. आहार, हालचाल आणि गोळ्या यांनी तो आटोक्यात राहतो. आवाज अचानक जाडा होणे किंवा काही महिन्यांतच अंगभर केस वाढणे हे मात्र बीजांडकोशातल्या किंवा अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीचे लक्षण असू शकते. तेव्हा थांबून चालत नाही.

अन्न आणि कष्ट यांचाही या संप्रेरकावर परिणाम होतो. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रजनन आणि स्नायू यांवरचा खर्च आधी आखडते आणि टेस्टोस्टेरॉन उतरते. पॅराग्वेतले आचे, काँगोतले लेसे, नेपाळातले तामांग आणि अमेरिकेतले शहरी पुरुष यांची तुलना 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. तरुण वयात अमेरिकी पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन बरेच जास्त होते, उतारवयात सगळे जवळपास सारखे झाले. भरपेट खाणाऱ्या आणि कमी राबणाऱ्या समाजाचे आकडे सगळ्या मानवजातीला लावता येत नाहीत, हे त्यातून दिसले. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतली कातकरी आणि ठाकर कुटुंबे पावसाळ्यात भातशेतीवर आणि नंतर अनेकदा वीटभट्ट्यांवर राबतात. अशा ठिकाणी तरुणाचे टेस्टोस्टेरॉन कमी आढळले, तर आजार शोधण्याआधी त्याच्या ताटाकडे पाहावे लागते. बाप झाल्यावरही ते उतरते. फिलिपिन्समधल्या सेबू येथे 624 पुरुषांवर केलेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या बापांचे टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळले. मुलाला रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ सांभाळणाऱ्यांत ते आणखी कमी होते. ही घट हा आजार नाही.

शहापूर-मुरबाडच्या भागात टेस्टोस्टेरॉनविषयीचा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज पुरुष नसबंदीशी जोडलेला आहे. नसबंदी केली की माणूस बैलासारखा खच्ची होतो, नांगर धरवत नाही, ओझे उचलवत नाही, असे बोलले जाते. दोन्ही क्रिया मुळातच वेगळ्या आहेत. गोऱ्ह्याला चिमटा लावतात तेव्हा वृषणाकडे जाणारी सबंध दोरी कातडीवरून चेपली जाते. रक्तपुरवठा तुटतो, काही आठवड्यांत वृषण सुकते आणि टेस्टोस्टेरॉन थांबते. पुरुष नसबंदीत फक्त शुक्रजंतू वाहून नेणारी बारीक नळी कापून बांधतात. रक्तवाहिन्या शाबूत राहतात आणि टेस्टोस्टेरॉन तर नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळते. दाढी, ताकद, ताठरता, कामेच्छा यांत त्यामुळे फरक पडत नाही. वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींतून येत असल्याने त्याचे प्रमाणही फारसे बदलत नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि त्यानंतर वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते. बिनटाक्याच्या पद्धतीने ही शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते. स्त्रीच्या नसबंदीसाठी पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण घालावी लागते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी 37.9 टक्के जोडप्यांत स्त्रीची आणि केवळ 0.3 टक्के जोडप्यांत पुरुषाची नसबंदी झालेली होती.

याच्या उलट, ताकदीसाठी म्हणून बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन खरोखर नुकसान करते. जिममधली मुले अंग कमवायला इंजेक्शने घेतात. रक्तात बाहेरचे टेस्टोस्टेरॉन दिसले की मेंदू एलएचचा इशारा बंद करतो, वृषणे आक्रसतात आणि शुक्रजंतू घटतात. रक्त घट्ट होते, मुरुमे येतात, काहींची छाती सुजते. औषध सोडल्यावर सगळे पूर्ववत व्हायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. टेस्टोस्टेरॉनचा उपचार ज्यांची स्वतःची निर्मिती आजाराने खरोखर कमी झाली आहे त्यांच्यासाठी असतो. तो ठरवण्यापूर्वी रक्त सकाळी द्यावे लागते, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक आणि संध्याकाळी कमी असते. एकदा कमी आले तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासतात आणि दोन्ही वेळा कमी असेल व लक्षणेही असतील, तरच उपचार सुरू करतात. थकवा हे एकच लक्षण असेल, तर त्यामागे ॲनिमिया, थायरॉइडचा विकार, मधुमेह किंवा अपुरी झोप असण्याची शक्यता आधी तपासली जाते.