मिश्र पेरा आणि जमिनीचे उत्पन्न

कामरगावच्या काळ्या रानात कपाशीच्या ओळींमधून तुरीचे तास घालण्याची वहिवाट जुनी आहे. ती केवळ रूढी नव्हे. तुरीचे सोटमूळ खोल उतरून खालच्या थरातील ओल घेते. मूग साठ-सत्तर दिवसांत निघून जातो, तेव्हा शेजारची तूर अद्याप लहान असते. एकत्र राहूनही ही पिके परस्परांच्या तोंडचा घास फारसा हिरावीत नाहीत.

नाना जातींच्या गवतांचा वाफा एकजातीय वाफ्यापेक्षा अधिक चारा देतो, ही गोष्ट डार्विनने १८५९ सालीच नमूद केली होती. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सीडर क्रीक येथे १९९४ साली टिल्मन यांनी १६८ वाफ्यांत एकापासून सोळापर्यंत जाती पेरल्या. पुढे सोळा जातींच्या वाफ्यांची वाढ एकजातीय वाफ्यांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक भरली.

मात्र वाटेल ती पिके मिसळली की उत्पन्न वाढते, असे मुलांस सांगू नये. जोडी जुळावी लागते. आपल्या जिल्ह्यात आज सोयाबीनचाच पेरा मोठा आहे. ऑगस्टात पावसाने ताण दिल्यास एकट्या सोयाबीनचे सारे शेत ऐन फुलोऱ्यात सापडते. सोबतीच्या तुरीस सावरण्यास अवधी मिळतो.

या पाठास पुस्तकातील चित्र पुरत नाही. शिक्षकांनी श्रावणात मुलांना बांधावर न्यावे, शेतकऱ्याच्या अनुमतीने मुगाचे व ज्वारीचे एकेक रोप मुळासकट काढावे. मुगाच्या मुळावरील गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसल्यास तेथील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देत आहेत असे समजावे.