रानात चुकलेल्या माणसाचा शोध

रविवारची सुट्टी कामगारांस कोणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली, तिच्यासाठी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज त्या सुट्टीच्या दिवशी कारखान्यांतील व कचेऱ्यांतील तरुण पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीत जातात, याचा आम्हांस आनंदच वाटतो. मात्र त्यांतला एखादा वाट चुकतो, अंधार पडतो, घरी निरोप येत नाही. आणि मग दुसऱ्या काही माणसांचा रविवार, पुष्कळदा सोमवारही, त्याच्या शोधात खर्ची पडतो. हा शोध कसा चालतो आणि कोणाच्या जिवावर चालतो, हे नगरवासीयांनी समजून घ्यावे, एवढाच या विवेचनाचा हेतू.

प्रथम माणूस चुकतो कसा ते पाहू. आपण नाकासमोर चालत राहिलो तर कोठेतरी निघूच, असे प्रत्येकास वाटते. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली ही समजूत पारखून पाहिली. त्यांनी काही माणसांना एका सपाट अरण्यात सरळ चालावयास सांगितले. ज्यांना सूर्य दिसत होता ते बहुतांशी सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले मात्र वर्तुळात फिरले; काहींनी आपलीच वाट पुन्हा ओलांडली, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. आता आषाढातील सह्याद्री डोळ्यांपुढे आणा. धुके दाटलेले, सूर्य नाही, डोक्याहून उंच कारवी, आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा चारी दिशांना फुटलेल्या. त्यांतली प्रत्येक वाट गावाकडे जाणारीच भासते. चुकलेला माणूस मग ओढ्याच्या कडेने उतरू लागतो, कारण पाणी खाली जाते आणि खाली वस्ती असते, असा त्याचा हिशेब. पण घाटमाथ्यावरचा ओढा कोकणात उतरतो तो कड्यावरून उडी घेऊन. ज्यास आपण सुटकेची वाट समजतो ती अशी धबधब्याच्या माथ्यावर संपते.

यापुढचा हिशेब शाळेतील भूमितीचा आहे. चुकलेला माणूस ताशी तीन किलोमीटर चालला, तर एका तासात तो ज्या वर्तुळात असू शकेल त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस किलोमीटर होते. तीन तासांत ते तिप्पट होत नाही. नऊपट, म्हणजे सुमारे २५४ चौरस किलोमीटर होते. म्हणून शोधातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वेळ, आणि चुकलेल्याने करावयाची सर्वांत मोठी मदत म्हणजे थांबणे. जो जागेवर थांबतो तो आपल्या शोधाचे रान वाढू देत नाही.

शोध म्हणजे शंभर माणसे रानात सोडणे नव्हे. आम्ही आयुष्यभर माणसे जमविण्याचे काम केले आहे. जमाव आणि संघटना यांतील अंतर आम्हांस ठाऊक आहे. जमाव पाऊलखुणा तुडवितो आणि आरडाओरड करून उत्तराची हाक बुडवितो. जाणते शोधक आधी चौकशी करतात: माणूस शेवटी कोठे दिसला, पायांत काय होते, पाणी किती होते, प्रकृती कशी आहे. मग रानातून बाहेर पडणाऱ्या वाटांवर माणसे बसवितात. नंतर दोघा-चौघांच्या चपळ तुकड्या ज्ञात वाटांवर, फाट्यांवर व पाणवठ्यांवर धाडतात. हाक द्यावयाची आणि मग सर्वांनी गप्प राहून ऐकावयाचे, हा त्यांचा नेम.

यामागे शास्त्रही आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी अमेरिकन आरमाराच्या गणितज्ञांनी ते बांधले. समजा, माणूस एका दरीत असण्याचा संभव शंभरांत ६० आहे आणि बाकीच्या रानात ४०. दरी पाहून झाली, पण दाट झाडीमुळे तेथे असलेला माणूस दिसण्याचा संभव निम्माच होता. तर दरीचा संभव शून्य होत नाही. ६० चे ३० उरतात. बाकीच्या रानाचे ४० तसेच असतात. म्हणजे आता पारडे बाकीच्या रानाकडे झुकते, तरी दरी नकाशावरून पुसून टाकता येत नाही. पाहिलेली जागा पुन्हा पाहावी लागते ती या कारणाने.

आता प्रश्न येतो, हे करतो कोण? लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. २०१८ साली आंबेनळी घाटात बस कोसळून ३० माणसे गेली, तेव्हा दोर लावून दरीत उतरलेल्यांत अशीच माणसे होती. त्यांच्याबरोबर असतो गावचा वाटाड्या: महादेव कोळी, ठाकर, कातकरी नाहीतर धनगर. नकाशावर नसलेली घळ त्यास ठाऊक असते. शहरी पाहुण्यांची गर्दी पावसाळ्यात होते, आणि नेमकी तेव्हाच भाताची लावणी असते. शोधास गेलेल्याचा रोज बुडतो, रोपे खोळंबतात. तो घसरून पाय मोडून बसला तर घर कोणी चालवावयाचे? वर्तमानपत्रांत सुटलेल्याचे छायाचित्र येते. वाटाड्याचे नावही पुष्कळदा येत नाही.

यावर काही म्हणतात, चुकलेल्याकडूनच खर्च वसूल करा. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजी गिर्यारोहकाकडून तो घेता येतो. आम्हांस हा मार्ग मान्य नाही. बिलाच्या धास्तीने माणूस मदत मागण्यास तास-दोन तास उशीर करील, आणि प्रत्येक तासाने रान किती वाढते हे आपण वर पाहिलेच. त्यापेक्षा शोधास जाणाऱ्या प्रत्येकाचा विमा आणि वाटाड्याचा बुडालेला रोज सार्वजनिक निधीतून दिला जावा. आग विझविणाऱ्याचा पगार आपण जळालेल्या घराच्या मालकाकडून घेत नाही. उपकार म्हणून घेतलेले श्रमसुद्धा श्रमच असतात.

श्रोत्यांच्या हातीही थोडे आहे. जाण्यापूर्वी वाट, सोबती आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी. विजेरी आणि शिट्टी जवळ असावी. मिनिटात सहा शिट्या, मग मिनिटभर शांतता, हा संकटाचा संकेत १८९४ पासून गिर्यारोहकांत रूढ आहे. त्याचे उत्तर तीन शिट्यांनी देतात. वाट चुकल्याचे ध्यानी येताच थांबावे, ११२ वर कळवावे, आणि भ्रमणध्वनीची उरलेली शक्ती छायाचित्रांत दवडू नये. घरच्यांनीही ठरलेली वेळ टळल्यावर ‘येईल सकाळी’ म्हणून रात्र काढू नये. मोर्चा संपल्यावर कार्यकर्ता माणसे मोजतो आणि मगच घरी जातो. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक मंडळीने एवढी शिस्त पाळली, तर कित्येक वाटाड्यांची लावणी वेळेवर होईल.