कुत्रीच्या एका वेतातील पिल्ले

शेताची राखण व मेंढरांचे रक्षण यांसाठी पाळलेल्या कुत्रीस एका वेतात किती पिल्ले होतील, हे तिची जात, वय व पोषण यांवर अवलंबून असते. सर्वसाधारणपणे पाच ते सहा पिल्ले होतात. लहान चणीच्या जातींत एक ते चार, तर थोराड जातींत आठ किंवा त्याहून अधिक पिल्ले आढळतात. पहिलारू व उतारवयाच्या कुत्रीस पिल्ले कमी होतात. इंग्लंडमध्ये २००४ साली मास्टिफ जातीच्या एका कुत्रीस २४ पिल्ले झाली होती. परंतु हा अपवाद होय.

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण राहते. जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर न पडल्यास पशुवैद्यास त्वरित बोलवावे. कुत्रीस बहुधा आठ ते दहा सड असतात. पिल्ले अधिक असल्यास अशक्त पिल्ले मागे पडतात. म्हणून ती पाळीपाळीने सडास लावावीत. पहिल्या दिवशीचा चीक प्रत्येकास मिळालाच पाहिजे. पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगची ऊब टिकविता येत नाही, यास्तव जागा कोरडी व उबदार असावी.

कुत्री वर्षातून दोनदा व्याल्यास दहा-बारा पिल्ले होतात. नको असलेली पिल्ले गावाबाहेर सोडल्याने मोकाट कुत्री वाढतात व पिसाळरोगाचे भय उत्पन्न होते. हा रोग एकदा जडल्यावर सहसा कोणी वाचत नाही. म्हणून पिल्ले तीन महिन्यांची होताच त्यांस प्रतिबंधक लस टोचून घ्यावी, आणि पुढील वेत नको असल्यास कुत्रीची शस्त्रक्रिया करवावी. ग्रामसेवकांनी ही गोष्ट पशुपालकांस समजावून द्यावी.